लिंक, नेमका क्षण आणि दोन ओळी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही सात मित्रमैत्रिणी गेले नऊ महिने आवडलेले व्हिडिओ एकमेकांना पाठवताना एकच पद्धत पाळत आहोत : यूट्यूबची लिंक, ती ज्या सेकंदापासून पाहायची तो क्षण, आणि हे का पाठवले ते सांगणाऱ्या स्वतःच्या शब्दांतल्या दोन ओळी. यांतले एकही राहिले असेल तर व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही. नियम कडक वाटेल, पण त्याआधीचे दिवस मला चांगले आठवतात. रोज पंधरा-वीस लिंका येऊन पडत, त्यांवर एखादा अंगठा उमटे, आणि चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत नेमके काय पाहायचे होते हे दोन दिवसांनी पाठवणाऱ्यालाही सांगता येत नसे.

क्षण जोडणे अवघड नाही. संगणकावर ‘शेअर’ दाबले की वेळेसाठी एक चौकोन दिसतो. त्यावर टिक केली की व्हिडिओ जिथे थांबवला असेल ती वेळ लिंकमध्ये उतरते. मोबाइलवर आम्ही ती बहुधा हातानेच लिहितो : लिंकच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ अक्षर, बरोबरचे चिन्ह आणि सेकंद, म्हणजे दोन मिनिटे दहा सेकंदांसाठी १३०. पहिला महिनाभर आम्हाला इथे एक बारकावा नडला. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल तर ‘टी’च्या आधी ‘अँड’चे चिन्ह द्यावे लागते, नसेल तर प्रश्नचिन्ह, यात गफलत झाली की व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होत असे. लिंकमागे हल्ली ‘एसआय’ने सुरू होणारे लांबलचक शेपूटही असते. ते शेअरिंगचा माग ठेवण्यासाठी असते, व्हिडिओ चालायला लागत नाही, म्हणून मी ते काढून टाकते.

या पद्धतीचे खरे मोल मला तिसऱ्या महिन्यात कळले. एका मित्राने अमेरिकेतल्या टाकोमा नॅरोज पुलाचे जुने चित्रण पाठवले. जुलै १९४० मध्ये सुरू झालेला हा झुलता पूल त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याच्या दोन ओळींत अनुनादाचे, म्हणजे बाहेरचे धक्के वस्तूच्या स्वतःच्या लयीशी जुळले की तिचे हेलकावे वाढत जातात त्याचे, उदाहरण म्हणून हे पाहा, असे होते. शाळेत आम्ही सगळे तेच शिकलो होतो. पण क्षण नेमका दिलेला असल्यामुळे आम्ही तेच काही सेकंद पुन्हा पुन्हा पाहिले, आणि एका मैत्रिणीने विचारले, वारा जर एकसारखा वाहत होता तर त्याचे झोके पुलाच्या लयीशी जुळले कसे? तिथून दोन दिवस चर्चा चालली. शेवटी सर्वांना पटले ते असे : पुलाचा सपाट पट्टा पिळला की त्याच्याभोवतीचा प्रवाह बदलतो आणि प्रत्येक पिळागणिक तो वाऱ्याकडून आणखी ऊर्जा ओढून घेतो. अभियंते याला फ्लटर म्हणतात, आणि त्याला बाहेरून लयबद्ध धक्क्यांची गरज लागत नाही. मध्येच एकाने घड्याळ लावून हेलकावे मोजले. ते मिनिटाला अठराच्या आसपास भरले, तर तेव्हाच्या नोंदींत बारा. मूळ फिल्म सेकंदाला १६ चौकटींनी (चौकट म्हणजे फिल्मवरचे एकेक स्थिर चित्र) घेतलेली आणि पुढे २४ चौकटींनी, म्हणजे दीडपट वेगाने चालवलेली आहे हे कळल्यावर हिशेब जुळला. नुसती लिंक आली असती तर यातले काहीही घडले नसते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

उणिवाही आहेत. एक सामायिक प्लेलिस्ट आम्ही सुरू केली होती. त्यातले काही व्हिडिओ चढवणाऱ्यांनी नंतर काढून टाकले आणि यादीत शीर्षकही उरले नाही. दोन ओळी चॅटमध्ये होत्या म्हणून निदान ते काय होते हे तरी समजते. सर्वांनी स्क्रीन शेअर करून एकत्र पाहण्याचाही प्रयोग केला, पण आवाज प्रत्येकाकडे मागेपुढे येत असल्याने तो दोन बैठकींत आटोपला. एकदा आजची घटना म्हणून आलेली क्लिप कित्येक वर्षांपूर्वीची निघाली. तेव्हापासून शंका आली की एका चौकटीचा स्क्रीनशॉट घेऊन इमेज सर्च करायचा, असे ठरले आहे.

यूट्यूबने २०१७ मध्ये स्वतःच्या ॲपमध्येच संदेशांची सोय दिली होती आणि २०१९ मध्ये ती बंद केली. आम्हाला तिची उणीव भासत नाही. व्हिडिओ एकीकडे आणि बोलणे दुसरीकडे असले की उत्तर लिहिण्यापूर्वी माणूस थोडा थांबतो, असे मला नऊ महिन्यांत दिसले आहे.

गेल्या आठवड्यात आलेला व्हिडिओ टांगलेली लांब स्प्रिंग हातातून सोडण्याचा आहे. वरची वेटोळी मिटत खाली येतात, पण ती पोहोचेपर्यंत खालचे टोक हवेत जागच्या जागी राहते. संगणकावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की तो एकेक चौकट पुढे सरकतो; तसे करून मी ते टोक स्क्रीनवर पेन्सिल धरून तपासले, ते खरोखर हलत नाही. वरचा ताण सुटल्याची खबर खालपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, असे मी लिहिले आहे. त्यावर एकाने विचारले आहे की मग त्या वेळात गुरुत्वाकर्षण नेमके कोणाला खाली खेचत असते, आणि त्याचे उत्तर मी अजून लिहिते आहे.