बाबागाडी चांगली, पण मिटून राहील तर शपथ

अंब्रेला फोल्डची, म्हणजे छत्रीसारखी मिटणारी ही बाबागाडी सूनबाईने गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये मागवली. वजन किती, सीट किती मागे जाते, बास्केट केवढी, हे सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत उतरवून काढत नाही. मला लिहायचंय ते तिच्या उजव्या अंगाच्या प्लॅस्टिकच्या हूकबद्दल. गाडी मिटल्यावर दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींना धरून ठेवायचं काम त्याचं. बोटाच्या पेराएवढा आहे. नवीन असताना टक्‌ आवाज करून बसायचा. काही आठवड्यांत नुसताच टेकू लागला आणि मिटलेली गाडी वाटेल तिथे उघडायला लागली.

ज्यांची कार आहे त्यांना वाटेल, त्यात काय एवढं? आम्ही ठाण्याचे. मुलगा-सून दोघं नोकरीवर, त्यामुळे मधल्या वारी नातवाला हिंडवायचं काम माझ्याकडे आणि हिच्याकडे. जाणं-येणं लोकलने. अकरानंतर निघायचं आणि चार-साडेचारच्या आत परतीच्या गाडीत बसायचं, हा आमचा नियम. नातू हिच्या कडेवर, मी एका हाताने दारातली दांडी पकडलेली, दुसऱ्या हातात मिटलेली बाबागाडी, आणि नेमकी तेव्हा ती पाय पसरते. मागून "काका, आत व्हा ना" सुरू होतं. आत होऊ कसा? गाडी दारात आडवी!

राणीच्या बागेतून परत येताना भायखळ्याच्या पुलावर हूकचं नाक तुटून पडलं. रुमालाची गाठ मारून घरी आणली. कंपनीला फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं की ही नेहमीच्या वापरातली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. दुसरं, की हूक सुटा मिळत नाही, फ्रेम बदलावी लागेल. तिचा भाव गाडीच्या निम्म्या किमतीपर्यंत. तिसऱ्या मेलमध्ये नव्या गाडीवर सवलतीचं कूपन. मी आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसलो, कोण कोणाला सवलत देतंय एवढं मला समजतं. दोन रुपयांच्या प्लॅस्टिकसाठी हजारो रुपयांचं चालू लोखंड भंगारात घालायचं, हा हिशोब मला पटत नाही. चौथा मेल मी जरा रागात लिहिला, त्याला उत्तर नाही.

शेवटी स्टेशनजवळच्या बॅग दुरुस्तीवाल्याने चाळीस रुपयांत काम केलं. दप्तराला असते तसली नायलॉनची पट्टी आणि बक्कल. तेव्हापासून गाडी एकदाही आपणहून उघडलेली नाही. वर ती पट्टी खांद्याला अडकवता येते, म्हणजे पुलाच्या पायऱ्या चढताना एक हात मोकळा राहतो. मूळ हूक शाबूत असता तरी ही सोय नव्हती. त्यामुळे आधी मनात ठरवलेला एक स्टार आता वाढवावा लागतोय.

बाकी गाडीबद्दल, ठिकाणांच्या ओघात.

राणीच्या बागेत ती सर्वांत चांगली चालते. रस्ते सपाट आणि सावली भरपूर. बुधवारी बंद असते, हे आधी बघून निघा. दोन मोठे आणि दोन मुलं असं कुटुंबाचं तिकीट 100 रुपये आहे. मुंबईत एवढ्यात चौघांचा चहा-वडापावसुद्धा जेमतेम होतो. 2016 साली सोलहून आणलेले पेंग्विन बघायला सगळे आधी तिकडे पळतात. आत पेंग्विनसाठी सोळा ते अठरा अंशांचा गारवा ठेवतात, म्हणून बास्केटमध्ये एक स्वेटर असू द्या. आमच्या नातवाने पेंग्विनकडे एकदा पाहिलं आणि नंतर बाहेरच्या कावळ्यामागे अर्धा तास घालवला. त्या वेळात बाबागाडीत आमचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या बसल्या होत्या. खरं म्हणजे निम्मा वेळ हा मुलगा गाडीत बसतच नाही, स्वतः ढकलतो. हँडल त्याच्या डोक्याच्या वर, त्यामुळे मागच्या नळीला धरून. तरीही गाडी कलंडत नाही, हे मान्य करायला हवं.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला आम्ही घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि मग भुयारी मेट्रो 3 ने जातो. वळसा आहे आणि टॅक्सी न केल्याने पैसे वाचत असले तरी वेळ जातो. पण मेट्रोत बाबागाडी मिटावीच लागत नाही! लिफ्टने उतरायचं, सरळ डब्यात ढकलायची, सायन्स सेंटर स्टेशनवर बाहेर. पहिल्यांदा गेलो तेव्हा हूकवरचा माझा राग निम्म्यावर आला होता. ही शांती घाटकोपरला परतीची लोकल येईपर्यंतच टिकली. दोन वर्षांच्या मुलाला तिथल्या आतल्या प्रयोगांतलं काही कळत नाही. बाहेरच्या बागेत जुनं वाफेचं इंजिन आणि ट्राम आहे, त्यावर तो खूश.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. आतल्या डांबरी रस्त्यावर ही चाकं काय पळतात! कान्हेरीला मात्र बाबागाडी नेऊ नका. शंभराहून जास्त लेणी आणि सगळ्या डोंगरभर पायऱ्या. आम्ही नेली आणि सबंध वेळ ती माझ्या खांद्यावर होती. पट्टी तेव्हा लागलेली होती, म्हणून ठीक.

चाकं लहान आहेत हे आपल्या पेव्हर ब्लॉकवर कळतं. एक ब्लॉक वर, एक खाली, पुढचं चाक फटीत अडकतं आणि मूल पुढे झुकतं. बेल्ट लावल्याशिवाय फुटपाथवर ढकलू नका. जिथे ब्लॉक उखडलेत तिथे गाडी मागच्या चाकांवर तोलून न्यायची, ही म्हणते तसं "उलटी ओढायची". सीटचं कापड सुटं होऊन धुता येतं, रंग गेला नाही. टप मात्र उन्हापुरता, पावसात निरुपयोगी. आणि काळी-पिवळीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, गाडी तिथे मावत नाही. पुढच्या सीटवर ठेवावी लागते, टॅक्सीवाल्याला आधीच विचारा.

पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा बॅगवाल्याचा.

कोणी हीच घेतली असेल तर हूक तुटायची वाट बघू नका, आताच पट्टी लावून घ्या. बॅगवाल्याकडे जाताना गाडी मिटलेली न्या, म्हणजे माप बरोबर मिळतं. पट्टी दोन्ही नळ्यांना वळसा घालून शिवून घ्यायची आणि बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगायचं. माझं पहिल्यांदा आतल्या बाजूला आलं होतं, नातवाच्या पायाला टोचायचं. दुसऱ्या दिवशी बॅगवाल्याने फुकट फिरवून दिलं.