जुन्या दुनळी बंदुकीची पारख : फोर्टमधील एका दुकानाची सेवा

वडिलोपार्जित, बर्मिंगहॅममध्ये घडवलेल्या दुनळी बंदुकीचे कोणते भाग मूळचे आहेत हे जाणून घेण्यासाठी मी ती परवान्यासह फोर्टमधील एका परवानाधारक शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात नेली. तेथील वयोवृद्ध कारागिरांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती उघडली आणि नळ्या, यंत्रणा व नळ्यांखालच्या लाकडी भागातील लोखंड या तिन्हींवरील अनुक्रमांक जुळतात का, हे आधी तपासले. मग त्यांनी नळ्यांच्या मागील टोकाच्या सपाट तळावरचे, १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे (नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के भिंगातून दाखवले आणि नुसते जुळणारे आकडे पुरेसे का नसतात, हे समजावले. कारण बदललेल्या भागावर जुना आकडा नव्याने ठोकता येतो आणि नव्या नळ्या जुन्या नळ्यांच्या मागील टोकाशी जोडल्या, तर तिथले मूळचे ठसे तसेच राहतात. तो सांधा नळीभोवती बारीक रेघेसारखा दिसू शकतो. पॉलिशने बोथट झालेल्या कोरीवकामाच्या कडा, धातूला चिकटून न बसलेले लाकूड आणि खाचा झिजलेले स्क्रूही त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिले. निष्कर्ष असा, की नळ्या व यंत्रणा मूळच्या आहेत, दस्ता मात्र नंतरचा आहे. बंदुकीला नवा मुलामा देण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही, हे मला विशेष मोलाचे वाटले. लेखी अहवाल मात्र फारच त्रोटक आहे. त्यात शिक्क्यांची छायाचित्रे असायलाच हवी होती.