दहा महिने, बारा क्लास आणि एक आगीचा गोळा

गेल्या जूनमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं, २०१४ सालचं प्लेअर्स हँडबुक घेतलं. मालवणात पाऊस लागला की लाइटीचा भरवसा नाही. या खेळाला कागद, पेन्सिल, फासे आणि एक कंदील पुरतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून ट्रॉलरवरचा मित्र मोकळा. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर, म्हणून शेजारचे दशावतारी काका. जत्रांचा हंगाम थंडीत, त्यामुळे पावसात तेही रिकामेच, आणि आयत्या वेळी संवाद रचायची सवय असलेला असा डीएम शोधून मिळणार नाही. चौथी खेळाडू माझी मावसबहीण.

पुस्तकात बारा क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत. पहिले तीन महिने मी म्हणायचो, आकडा उगाच फुगवलाय. १९७४ च्या मूळ खेळात तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-युझर आणि क्लेरिक. बाकी वाटप तेच, कालवणाचं नाव वेगळं. माझा विझर्ड, बहिणीची सॉर्सरर, दोघेही जादूगारच. पाचव्या लेव्हलला दोघांनाही फायरबॉल मिळाला, दोघांचेही नुकसानीचे सहा बाजूंचे आठ फासे, तिसऱ्या पातळीचे स्लॉटही, म्हणजे असे मंत्र टाकायचा कोटाही, दोन-दोनच. ती वैतागली, “आमी दोगव आगीचे गोळेच टाकतव, मगे फरक खय रवलो?”

चूक आमची होती. रविवारी एक मारामारी, की लगेच सगळी पात्रं आठ तास झोपणार आणि सगळं परत भरून घेणार. मग कोण कशाला जपून वापरेल? डीएमच्या पुस्तकात एका दिवसात साधारण सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्यात, हे काकांनी सप्टेंबरात वाचलं आणि आमची झोप बंद केली.

तिसरी चकमक, गुहेचं तोंड. आम्हा दोघांचेही मोठे स्लॉट संपलेले. मला दिवसातून एकदा तेवढा एक स्लॉट परत मिळवता येतो, पण त्यासाठी तासभर टेकावं लागतं, आणि समोर तर गोब्लिन उभे. बहिणीने तिथल्या तिथे सॉर्सररकडेच असणारे जादूचे सुटे गुण, म्हणजे पाचही सॉर्सरी पॉइंट मोडले, नवा स्लॉट केला आणि गोळा टाकला. मधोमध मित्राचा रेंजर, म्हणजे रानावनातला शिकारी. मी इव्होकेशनवाला, म्हणजे आपली माणसं वगळून मंत्र टाकता येणारा विझर्ड, माझा गोळा असता तर त्याला झळही लागली नसती. तिचे फासे एकतीस. त्याने सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जमवली म्हणून निम्मे, म्हणजे पंधरा. त्याच्याकडे जिवाचे गुण अकराच होते. कागदावरचा आकडा खोडत तो म्हणाला, “गावलो तुका फरक?”

तेव्हापासून माझं मत बदललं. क्लास वेगळा ठरतो तो काय संपतं, कधी संपतं आणि परत कसं येतं यावर. दर मारामारीनंतर झोपू द्याल तर बाराचे चारच उरतील.

रेंजरबद्दल मात्र तक्रार कायम. त्याची खासियत ठरावीक भूभागाशी बांधलेली. मित्राने अर्थातच किनारा निवडला. काकांची कथा दुसऱ्याच रविवारी डोंगरात गेली ती अजून खाली उतरलेली नाही. दहा महिने तो धनुष्यवाला फायटरच खेळतोय.

पावसाळ्यात पानांना लाटा आल्यात, पण शिवण टिकून आहे. येत्या बंदीत मित्र वॉरलॉक हा आणखी एक जादूगार घेणार आहे. स्लॉट दोनच, पण तासभर टेकलं की दोन्ही परत. आता दर खोलीत बसूया म्हणणार, हे काकांनी आधीच ओळखलंय.