एनव्हीडीए: संगणक कानांनी वापरताना

नजर अधू होत चालली असेल आणि संगणकावरचं काम सोडवत नसेल, तर एनव्हीडीए बसवून बघाच. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर पूर्ण मोफत आहे. पडद्यावर जे आहे ते तो बोलून दाखवतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेमी टेह सोबत आला. तोही अंधच.

माझ्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, खराब झालाय. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं अक्षर पुसल्यासारखं होतं. हिशेबाचं काम सोडून द्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. त्याच सुमारास रेल्वेच्या प्रतीक्षागृहात शेजारी एक तरुण येऊन बसला. मांडीवर लॅपटॉप, बोटं भराभर चाललेली आणि पडदा काळाकुट्ट. "अहो, तुमचा लॅपटॉप बंद पडलाय," मी म्हणाले. तो खळखळून हसला. "पडदा मीच काळा केलाय, काकू. मला दिसत नाही, मग शेजाऱ्यांना तरी कशाला दाखवू?" एनव्हीडीएत तशी सोयच आहे, स्क्रीन कर्टन नावाची.

त्याने एक इअरफोन माझ्या हातात दिला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज, एक शब्द कळेना. माझा चेहरा न बघताही त्याला ते समजलं असावं, कारण लगेच वेग उतरवला. डोळे कॉलेजात असताना गेले, म्हणाला. "वर्षभर नुसता चिडत होतो. मग चिडण्याचाच कंटाळा आला." गाडीची घोषणा झाली तशी घडीची काठी खटखट उघडून तो निघालाही. मला धीर द्यावा असा त्याचा काही आव नव्हता. हातातलं काम जमत होतं आणि त्यात तो मजेत होता. ते पाहून मला फार बरं वाटलं, आणि घरी आल्यावर पहिलं काम एनव्हीडीए बसवून घेण्याचं केलं.

एक्सेलमध्ये एनव्हीडीए आधी आकडा वाचतो, मग खाना: "१२४०, बी७". हिशेबाला याहून सोयीचं काय हवं! वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की सगळ्या लिंकांची यादी. सोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठीही आहे. आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर अडखळतो, पण कान सरावतात. खरा त्रास बेफिकीर वेबसाइटींचा. बटणाला नाव दिलेलं नसलं की हा बिचारा नुसतं "बटण" म्हणतो, आणि पैसे भरायच्या पानावर अशी बटणं ओळीने आली की संताप होतो.

सुरुवातीला वेग कमी ठेवा आणि माउस बाजूला काढून ठेवा. सगळ्यात आधी कंट्रोलची कळ लक्षात ठेवा, ती दाबली की आवाज लगेच थांबतो. नवख्या माणसाची निम्मी घाबरगुंडी तिथेच जाते.