श्रावणाचं गाणं कोणतं: खळ्यांचं की महानोरांचं?

पहिला पाऊस पडला की आमच्या घरी दोन गाणी हमखास लागतात. 'श्रावणात घननिळा बरसला' आणि 'नभ उतरू आलं'. दोन्ही पावसाचीच, पण पाऊस मात्र वेगवेगळा.

पहिलं मंगेश पाडगांवकरांचं, आवाज लताबाईंचा. श्रीनिवास खळ्यांनी यात एकेका अंतऱ्याला वेगळी चाल दिली आहे. श्रावणही तसाच ना, घटकेत सर, घटकेत ऊन! चाल वळते, आता परतायची नाही असं वाटतं, आणि अलगद ध्रुवपदावर येऊन टेकते. दर वेळी त्या जागी मी हातातलं काम थांबवते. सकाळी खिडकीशी चहाचा कप घेऊन, एकटीनं ऐकावं असं हे गाणं.

दुसरं 'जैत रे जैत' या १९७७च्या चित्रपटातलं. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींची गोष्ट, हृदयनाथांचं संगीत, आशाबाईंचा आवाज. गीतकार ना. धों. महानोर स्वतः पळसखेड्याचे शेतकरी होते, त्यामुळे त्यांच्या शब्दांना रानाचा वास आहे. हे खिडकीतून बघायचं गाणंच नव्हे, यात अंग भिजतं. माळशेज घाटात धुकं खाली उतरलेलं असताना गाडीत हे लावलं होतं. वळण संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

प्रवासाला निघताना मी 'नभ उतरू आलं'च लावते. पण वर्षभरातून एकदाच ऐकायचं ठरवलं, तर माझं मत खळ्यांच्या चालीला. इतक्या वर्षांनीही पुढच्या अंतऱ्याला मी कान टवकारून बसते.