साठीनंतर एचआयव्हीची टीएलडी गोळी चालू ठेवावी की बदलावी?

माझं औषधांचं दुकान मिरजेत. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळतात, त्यामुळे त्या माझ्याकडे फारशा खपत नाहीत. पण बीपीची, शुगरची, गुडघ्याची गोळी इथूनच जाते. सरकारनं मोफत औषधं २००४ साली सुरू केली. तेव्हा चाळिशीत असलेले आता साठीत आलेत आणि काउंटरवर हळूच विचारतात, ‘वय झालं, आता डोस अर्धा करू का?’

नाही. वयाबरोबर यकृत आकसतं, त्याचा रक्तपुरवठा घटतो, मूत्रपिंडाची गाळण मंदावते. त्यामुळे औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, हे खरं. पण बहुतेक एआरटी औषधांची पातळी नुसत्या वयामुळे इतकी वाढत नाही की डोस कमी करावा. गोळी मनानं अर्धी केली तर मात्र पातळी खाली जाते आणि विषाणू त्या औषधाला सरावतो. तेव्हा निवड करायची ती कोणती गोळी घ्यायची, याची.

टीएलडी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर. डोल्युटेग्राविर मुख्यतः यकृतातून निकालात निघतं. साठीपुढच्यांत त्याची रक्तातली कमाल पातळी तरुणांपेक्षा साधारण पाव पट जास्त आढळली, दिवसभराची एकूण मात्रा मात्र फारशी वेगळी नव्हती. झोप उडत असेल तर केंद्रात विचारून गोळी सकाळी घ्या. खरी गोम उरलेल्या दोघांत आहे, कारण ती दोन्ही मूत्रपिंडातून बाहेर पडतात.

इथं रिपोर्ट फसवतो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, १.१ दिसलं की ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद घडी करून खिशात जातो. गाळणीचा हिशेब असा: १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागा, बाईमाणूस असेल तर उत्तराला ०.८५ नं गुणा. पस्तिशीतल्या ६५ किलोच्या गड्याचा १.१ वर आकडा ८६ येतो. द्राक्षबागेत राबून झडलेल्या, ५० किलोच्या ६८ वर्षांच्या आजोबांचा त्याच १.१ वर ४५. टेनोफोविरसाठी सावध व्हायची रेघ ५० ची आहे. स्नायू झिजले की क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, म्हणून आकडा साळसूद दिसतो. दुसरीकडे डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन ०.१-०.२ नं वर सरकतं. ते मूत्रपिंड बिघडल्यामुळे नव्हे, क्रिएटिनिनची बाहेर पडायची एक वाट अडल्यामुळे. त्याला घाबरून गोळी सोडू नका. लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या.

टेनोफोविर सोडायचं तर समोर दोन वाटा. अबाकाविर यकृतात मोडतं, त्यामुळे गाळण मंदावली तरी साठत नाही. पण हृदयविकाराच्या झटक्याशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. अँजिओप्लास्टी झालेल्याला किंवा बिडी न सुटलेल्याला मी तरी ते सुचवणार नाही. शिवाय काहींना त्याची जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होते. सुरू केल्यावर ताप-पुरळ आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि अ‍ॅलर्जी ठरली तर ते औषध जन्मात पुन्हा घ्यायचं नाही. दुसरी वाट टेनोफोविरचंच नवं रूप, टीएएफ. त्यात रक्तातलं टेनोफोविर जवळपास ९० टक्के कमी राहतं आणि गाळण ३० पर्यंत उतरली तरी ते देता येतं. वजन आणि कोलेस्टेरॉल मात्र वाढू शकतं, आणि टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. टीएएफ केंद्रात मिळेल का, हेही विचारून घ्या. विकत घ्यायचं म्हणजे जन्माचा खर्च.

एचआयव्हीचं जुनं औषध एफाविरेन्झ अजून कुणी घेत असेल, तर त्याची पातळी वयापेक्षा जनुकांवर जास्त अवलंबून असते. मला काळजी त्यानं रात्री येणाऱ्या चक्करची वाटते. लघवीला उठताना म्हातारं माणूस पडलं की खुब्याचं हाड जातं.

दुसऱ्या फळीतली, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाली की देतात ती, रिटोनाविरच्या जोडीची औषधं साठीनंतर त्रासाची ठरतात ती बाकीच्या गोळ्यांमुळे. रिटोनाविर औषधं मोडणारं यकृताचं विकर अडवतं आणि इतर औषधं रक्तात साचतात. कोलेस्टेरॉलचं सिमव्हास्टॅटिन अजिबात चालत नाही, अ‍ॅम्लोडिपिननं बीपी जास्त उतरतं. दम्याच्या पंपातलं किंवा गुडघ्यात टोचलेलं स्टेरॉइडसुद्धा अंगावर येतं. उलट याच फळीतलं अटाझानाविर रक्तात शोषलं जायला पोटात आम्ल लागतं, आणि आपल्याकडे तर निम्मं गाव सकाळी उठून गॅसची गोळी घेतं.

टीएलडीलाही शेजार सांभाळावा लागतो, पण तो सोपा आहे. शुगरच्या मेटफॉर्मिनची पातळी सुमारे ७९ टक्क्यांनी वाढते, म्हणून दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घेण्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी टीएलडी घ्या. कॅल्शियम-लोहाचंही तसंच, फक्त जेवणासोबत दोन्ही एकदम घेतलं तर चालतं. दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक मात्र टेनोफोविरबरोबर रोज नको. ऊसतोडीत गुडघे गेलेल्यांना हे सांगणं जिवावर येतं, तरी सांगतो.

माझं मत विचाराल तर गाळण ६० च्या वर असेल, तर टीएलडी हलवू नका. ५० च्या खाली गेली आणि हृदय ठणठणीत असेल तर अबाकाविर, नसेल तर टीएएफ. लॅमिव्ह्युडिनच्या डोसचंही तेव्हाच डॉक्टरांशी बोला.

अडचण वेगळीच होते. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून सांगलीचा माणूस गोळ्या आणायला कोल्हापूरला जातो, आणि शुगरच्या डॉक्टरला त्याचा पत्ता नसतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, काही अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय तुमचा आजार दुसऱ्याला सांगता येत नाही. शुगरच्या डॉक्टरला सांगायचं नसेल तर राहू द्या. पण घरातल्या सगळ्या गोळ्या, भस्मं, काढे एका पिशवीत घालून एआरटीच्या डॉक्टरपुढे ठेवा. तिथं तर काही लपवायचं उरलेलं नसतं.