नोकरीच्या अर्जांचा पाठपुरावा: जीमेलचं स्नूझ आणि शेड्यूल सेंड कितपत कामाचं?

मी अकाउंट्सवाली. टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन हे माझं काम. मुलगी शाळेत रुळल्यावर पुन्हा नोकरी बघायला लागले आणि पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, पिरंगुटच्या लहान-मध्यम कारखान्यांकडे अर्ज पाठवले. अशा ठिकाणी एचआरचं वेगळं माणूस बऱ्याचदा नसतंच. अर्ज जातो मालकाकडे, नाहीतर अकाउंट्सच्या साहेबांकडे. त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणजे नाकारलं, असं धरून बसू नये. बिलं, बँक आणि ऑडिटरच्या फोनांमध्ये आपला मेल खाली गेलेला असतो. तो पुन्हा वर आणायला पाठपुरावा हवा, आणि तो वेळ साधून केलेला हवा. जीमेल फुकट आहे आणि सगळ्यांकडे आहे, म्हणून या एका कामापुरतंच त्याबद्दल लिहिते.

सगळ्यात उपयोगी पडलं ते स्नूझ. अर्ज पाठवला की लगेच सेंटमध्ये जायचं, त्या मेलच्या घड्याळावर टिचकी मारायची आणि तारीख द्यायची. त्या दिवशी तो मेल इनबॉक्समध्ये पुन्हा वर येतो. वेगळी वही नको, एक्सेल नको. आला की त्यालाच रिप्लाय करायचा. आपणच पाठवलेल्या मेलला रिप्लाय केला तरी तो समोरच्यालाच जातो, आणि खाली मूळ अर्ज दिसत असल्यामुळे त्यांना शोधाशोध करावी लागत नाही. एक मात्र नीट लक्षात ठेवा: रिप्लायबरोबर जुनी फाइल जात नाही. बायोडेटा पुन्हा जोडावा लागतो.

तारीख कोणती द्यायची, हे सांगायला कुठलंच ॲप उपयोगाचं नाही. तिथे आपलं कामाचं ज्ञान लागतं. अकाउंट्सच्या माणसाला महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी (जीएसटी भरायचं रिटर्न). या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत त्याला कुणाचा अर्ज वाचायला सवड असेल? मी माझे मेल २१ ते २५ च्या दरम्यान जातील असं बघते. तेव्हा रिटर्न भरून झालेलं असतं आणि पगाराची धावपळ सुरू व्हायची असते. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला ॲडव्हान्स टॅक्सचीही भर असते. आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. बुधवारी संध्याकाळी पाठवलेला मेल शुक्रवारी सकाळच्या ढिगाऱ्यात सापडतो. प्रत्येक धंद्याचं असं आपलं पंचांग असतं. शाळेत अर्ज केला असेल तर परीक्षेचा आठवडा टाळा, हॉटेलात केला असेल तर शनिवार-रविवार.

शेड्यूल सेंड ही सोय २०१९ च्या एप्रिलमध्ये आली. मला निवांत लिहायला मिळतं ते रात्री, घरचं सगळं आवरल्यावर. रात्री साडेअकराला आलेला मेल बघून समोरच्याचं काय मत होईल कोण जाणे, म्हणून लिहायचा रात्री आणि सोडायचा सकाळी साडेदहाला. सकाळी उठून पुन्हा एकदा वाचताही येतो. बदल करायचा झाला तर शेड्यूल रद्द होऊन मेल ड्राफ्टमध्ये जातो, वेळ नव्याने द्यावी लागते. पण आठवडाभर पुढचा पाठपुरावा आधीच शेड्यूल करून ठेवू नका. मधल्या काळात त्यांचं उत्तर आलं तरी जीमेल तो मेल आपणहून थांबवत नाही, आणि ‘गुरुवारी नको, शुक्रवारी या’ असं कळवणाऱ्याला ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असा मेल जाऊन पोचतो. लांबची आठवण स्नूझवर, रात्रीचं सकाळी शेड्यूलवर, ही वाटणी मला पटली.

तिसरी सोय नज. पाठवलेल्या मेलला उत्तर आलं नाही तर काही दिवसांनी जीमेल स्वतःच तो वर आणून ‘फॉलो अप?’ असं विचारतं. कोणता मेल उचलायचा आणि किती दिवसांनी, हे त्याचं तेच ठरवतं. चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका.

मेलमध्ये मी चारच ओळी लिहिते: कोणत्या पदासाठी, कोणत्या तारखेला अर्ज केला होता, त्यांच्या कामाशी जुळणारी माझी एक गोष्ट (‘जॉब वर्कचे चलान आणि आयटीसी-०४ मी पाहिलं आहे’ यासारखी; आयटीसी-०४ म्हणजे जॉब वर्कला पाठवलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म), कधी रुजू होऊ शकते, आणि फोन नंबर. ‘कृपया लवकर कळवा’ लिहीत नाही. असे दोन मेल, त्यानंतर दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कंपनीच्या लँडलाइनवर एक फोन, मग थांबायचं. त्यांनी स्वतःहून नंबर दिला नसेल तर साहेबांच्या व्हॉट्सॲपवर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला, कारण साध्या वैयक्तिक खात्यावर मेल वाचला गेला की नाही ते कळायची सोय नाही. ती ऑफिस किंवा शाळेच्या खात्यांसाठीच आहे. नोकरी शोधणाऱ्याला तर तीच माहिती सगळ्यात जास्त हवी असते. आणि मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर अर्ज केला तर पोच ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून येते. तिथे ही सगळी हत्यारं बोथटच. अशा वेळी जाहिरातीत भरती करणाऱ्याचं नाव आहे का ते बघा, नसेल तर लिंक्डइनवर त्या कंपनीच्या फायनान्स विभागातलं माणूस शोधा आणि जॉब आयडी घालून त्यांना दोन ओळी लिहा.